बाई, पुढं काय झालं?

पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडे शाळेत शिकवायचं म्हणजे पत्र्याशी भांडण! बाहेर पावसाची धार, डोक्यावर पत्र्याचा ताशा आणि भातलावणीमुळे निम्मा वर्ग रिकामा. अशा वेळी खडू बाजूला ठेवावा आणि गोष्टीचं पुस्तक उघडावं. आवाज जरा चढवावा लागतो, पण पाच मिनिटांत पोरं पुढं सरकून बसतात.

मैत्रिणींनो, मुलांना मोठ्यानं वाचून दाखवणं हा रिकामटेकडा उद्योग नव्हे. आमच्याकडची मुलं घरी ‘व्हतं’, ‘न्हाई’ बोलतात. पुस्तकातलं ‘होते’, ‘नाही’ त्यांना परकं वाटतं. ती भाषा आधी कानावर पडली, की मग डोळ्यांना ओळखीची होते. शिवाय एकेक अक्षर जुळवणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेस्तोवर सुरुवात विसरतं. त्याला गोष्टीची गोडी लागणार कधी? आपण वाचलं, की अक्षरांचं ओझं आपल्याकडे आणि गोष्ट मात्र त्याची!

वेल्ह्याकडच्या वाडीवरून मामाकडे शिकायला आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. चौथीत येऊनही वाचताना अडखळायचा. पोरं हसायची, म्हणून तोंडच उघडेना. मी ‘श्यामची आई’ वाचायला घेतलं. पोहायला घाबरून लपलेला श्याम आला आणि हा पठ्ठ्या पहिल्यांदा बोलला, “बाई, आमच्या हिरीवरनं मी बी असाच पळालो व्हतो!” वर्ग हसला, पण या वेळी तोही हसत होता. आठवड्याभरानं मधल्या सुट्टीत पाहिलं, तर पुस्तक त्याच्या मांडीवर! पुढं काय झालं, हे कळेपर्यंत त्याला धीर निघेना. बोट ठेवून, अडखळतच, पण स्वतः वाचत होता.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातली प्रकरणं म्हणजे ४२ रात्री. श्याम सोबत्यांना रात्री आईच्या आठवणी सांगतो. मुळात सांगितलेलीच गोष्ट ती, ऐकायला गोड लागणारच.

घरीही हे सहज जमतं. जेवणं उरकली, की पंधरा मिनिटं काढा. गोष्ट आधी एकदा आपण वाचून ठेवा, म्हणजे कुठं थांबायचं ते कळतं. ऐन रंगात आली, की पुस्तक मिटा! आणि शेवटी ‘यावरून काय बोध घेतलास?’ हे मात्र विचारू नका. त्या प्रश्नानं गोष्टीचा धडा होतो. पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर बालभारतीचं ‘किशोर’ आहे. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ज्या मोबाइलवरून रोज वादावादी होते, तोच असा कामी लावावा.

आपला आवाज गोड नाही, उच्चार शुद्ध नाहीत, म्हणून संकोचू नका. आईचा आवाज मुलाला परीक्षेचा वाटत नाही, हेच त्यातलं मोठं बळ आहे.