प्लास्टर निघाले, उपचार संपले नाहीत

बाळ जन्मते आणि त्याचे पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली दिसते. लगेच घरात कुजबुज सुरू होते : ग्रहण पाळले नसेल, गरोदरपणी काहीतरी चिरले असेल. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. ‘क्लबफूट’ हा जन्मजात दोष हजारांत साधारण एका बाळाला असतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे दुपटीने आढळतो. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. आईची चूक तर नसतेच.

उपचार झाले नाहीत, तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकून चालू लागते. तिथे घट्टे पडतात, चप्पल पायात बसत नाही, चालताना वेदना होतात. पुढे शाळा, काम, लग्न, सगळीकडे हा पाय आडवा येतो.

हे टाळणे मात्र फारसे महाग नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. नवजात बाळाचे सांधे लवचीक असतात. डॉक्टर पाऊल हाताने हळुवार थोडेसे सरळ करतात आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. दर आठवड्याला ते बदलून पाऊल आणखी थोडे वळवले जाते. साधारण पाच-सहा प्लास्टरांत आकार येतो. बहुतेक बाळांच्या टाचेमागची घट्ट कंडरा एका लहानशा छेदाने सैल करावी लागते. ती सुमारे तीन आठवड्यांत भरून येते.

खरी कसोटी यानंतर असते. पट्टीला जोडलेले खास बूट पहिले तीन महिने दिवसातले 23 तास आणि नंतर वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना घालावे लागतात. पाय सरळ दिसू लागला, बाळ रात्री रडू लागले, की ‘आता कशाला?’ म्हणून बूट बाजूला ठेवले जातात. पाऊल पुन्हा वाकडे होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. शिवाय दर आठवड्याला रुग्णालय गाठायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. रोजंदारीवरच्या घराला ते पेलवत नाही.

सेवाभावी संस्था नेमक्या इथे उपयोगी पडतात. क्युअर इंटरनॅशनल इंडिया ट्रस्ट ही संस्था अनेक राज्यांत सरकारी रुग्णालयांतील क्लबफूट क्लिनिकना साथ देते. प्लास्टर घालतात ते रुग्णालयाचेच डॉक्टर. संस्था बूट मोफत पुरवते आणि तिचे समुपदेशक पालकांना ते घालायला शिकवतात. तारीख चुकली तर फोन करून विचारपूसही करतात. हे काम वरवर किरकोळ वाटते, पण उपचार टिकतात ते यावरच.

आर्थिक अडचण असली तरी वाट बंद नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. बाळाचे पाऊल वळलेले दिसले, तर ‘मोठे झाल्यावर होईल सरळ’ म्हणून थांबू नये आणि नुसत्या मालिशीवर विसंबू नये. आशा सेविकेला सांगावे किंवा सरकारी रुग्णालयातील अस्थिरोग विभागात दाखवावे. पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू झाले, तर बहुतेक मुले इतरांसारखीच चालतात, धावतात.