थंडीच्या दिवसांतील परसबाग

मुखेड तालुक्यात बर्फ पडत नाही आणि दव गोठण्याचा प्रसंगही क्वचितच येतो. तरीही मार्गशीर्ष-पौषात एखाद्या रात्रीत परसातील वांगी व टोमॅटो करपून गेल्याचे पुष्कळ घरांतून ऐकू येते. मराठवाड्याची थंडी सलग नसते. ती चार-पाच रात्रींसाठी येते आणि जाते. जानेवारी 2003 मध्ये परभणी येथे पारा 3 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला होता. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथेही डिसेंबर 2018 च्या अखेरीस तो 2 अंशांच्या आसपास आला होता. अशा मोजक्या रात्रींतून भाजी सांभाळली, तर हिवाळ्यासारखा भाजीपाल्याचा हंगाम दुसरा नाही.

या तालुक्यात त्या भाजीचे मोल विशेष आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक वाड्या-तांड्यांवरील कर्ती माणसे ऊसतोडीस निघतात व शिमग्या-पाडव्याच्या सुमारास परततात. मागे आजी-आजोबा व शाळेत जाणारी मुले राहतात. बाजार दूर आणि हातात पैसा थोडा, म्हणून ताटात भाकरी, वरण व चटणी एवढेच दिसते. मेथी, पालक, शेपू यांतून लोह व अ जीवनसत्त्वास उपयोगी पडणारे द्रव्य मिळते; भाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी अधिक लागते. चार हात लांब व दोन हात रुंद असे तीन वाफे म्हातारे माणूस व दहा वर्षांचे मूल मिळून सहज सांभाळू शकतात.

थंडी नेमकी केव्हा नडते, हे मुलांना प्रथम समजावून द्यावे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. आभाळ असेल तर ते पांघरुणाचे काम करते. आभाळ निरभ्र असून वाराही पडलेला असेल, तर जमीन व पाने हवेपेक्षाही थंड होतात. गार हवा जड असल्यामुळे ती ओढ्याकाठी व खोलगट जागी साचते. म्हणूनच माळावरील घरात तुळस टवटवीत असते आणि नाल्याकाठच्या घरात तीच काळी पडते. तुळस ही तर अंगणातील थंडीची मोजपट्टीच होय.

यावरून जागेची निवड ठरते. मुखेडच्या अक्षांशावर 21 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून केवळ 48 अंश उंच असतो. त्या वेळी 2 मीटर उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेस सुमारे 1.8 मीटर पडते. ती मुलांकडून प्रत्यक्ष मोजून घ्यावी. भूगोलाचा हा पाठ फळ्यावर होत नाही. वाफे भिंतीच्या दक्षिणेस करावेत. तेथे दिवसभर ऊन मिळते आणि दगडामातीची भिंत रात्री साठवलेली ऊब परत देते.

मेथी, पालक, चुका, शेपू, मुळा, गाजर व कोबी यांना येथील थंडी मानवते. वांगी, टोमॅटो, मिरची व काकडी यांना ती सोसत नाही. रात्रीचे तापमान 13 अंशांखाली राहू लागले की टोमॅटोची फळधारणा मंदावते. अशा वेळी झाडाला दोष देऊन खत ओतीत बसू नये. कोथिंबिरीची तक्रार निराळी असते. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया होत. तो हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात व रात्रभर पाण्यात भिजवून पेराव्यात. थंडीत उगवण्यास दोन आठवडेही लागतात. तोवर वाफा उकरून पाहण्याचा मोह मुलांनी आवरावा. मेथी महिन्याभरात हाती येते. सर्व बी एकदम न पेरता दर पंधरवड्यास एकेक ओळ पेरावी.

शाळेच्या परसबागेस दिवाळीची सुटी फार बाधते, कारण पेरणीचा काळही तोच असतो. केंद्र शासनाने 2019 मध्ये शाळांतील पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु सुटीत पाणी कोणी घालावे, हे गावातच ठरवावे लागते. जवळच्या घरातील मुलांची पाळी लावावी, अथवा सुटी संपल्यावरच पेरावे. अर्धवट उगवून वाळलेला वाफा पाहून मुलांचा उत्साह मावळतो.

एरव्ही पाणी सकाळी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिल्यास रोग वाढतो. मात्र कडाक्याच्या थंडीची चिन्हे दिसताच दुपारीच वाफ्यांना हलके पाणी द्यावे. ओली माती कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठविते. सूर्यास्तापूर्वी चार काठ्या रोवून त्यांवर पोते किंवा कडबा आच्छादावा. आच्छादन जमिनीपर्यंत टेकलेले असावे, पण पानांस लागू नये. ऊन चढताच ते काढावे. मोठ्या बागांतून शेकोट्या पेटवितात. परसात त्याची गरज नाही, आणि कडब्याजवळ विस्तव नेणे धोक्याचेच आहे.

करपलेला शेंडा लगेच छाटू नये. थंडीची लाट ओसरेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना आडोसा देतो. पुढे नवी पालवी दिसली की मृत भाग काढावा. माघात मेथीची व कोथिंबिरीची चार-सहा जोमदार रोपे न तोडता राखावीत; त्यांचे बी वाळवून, राखेत मिसळून मडक्यात ठेवावे आणि मडक्यावर पिकाचे नाव व वर्ष मुलाच्या हाताने लिहवून घ्यावे.