त्रिमितीय प्रतिकृती व द्विमितीय नकाशे

संगणकावर वास्तूचे नकाशे तयार करण्याच्या दोन पद्धती आज रूढ आहेत. १९८२ साली प्रचारात आलेल्या ऑटोकॅडमध्ये आरेखक मुख्यतः रेषा ओढतो. २००० साली आलेल्या रेव्हिटसारख्या प्रणालीत तो भिंत, खांब व कमान यांची त्रिमितीय प्रतिकृती उभारतो आणि तलनकाशा, छेद व दर्शनी नकाशा तिच्यापासून आपोआप निघतात. तथापि कामावरील गवंड्याच्या हाती शेवटी कागदच पडतो. म्हणून या द्विमितीय नकाशाची विश्वसनीयता हाच खरा प्रश्न होय. बिदर व कलबुर्गी येथील बहमनीकालीन वास्तूंवरून तो स्पष्ट होईल.

छेदाची पातळी

तलनकाशा म्हणजे वास्तूचा विशिष्ट उंचीवर घेतलेला आडवा छेद. ही उंची सामान्यतः जमिनीपासून सुमारे १.२ मीटर धरली जाते. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ सालची जामा मशीद अंगणाविना, संपूर्ण आच्छादित आहे. तिच्या बाजूच्या ओवऱ्यांतील रुंद कमानी फारच कमी उंचीवरून उगवतात. छेद कमानीच्या उगमाच्या वर गेल्यास खांबाऐवजी पसरत जाणारी कमान कापली जाते व खांबाची जाडी चुकीची दिसते. यास्तव छेदाची उंची वास्तू पाहून ठरवावी आणि नकाशावर नमूद करावी.

वरून ओढलेल्या रेषा

प्रतिकृतीतून निघालेल्या नकाशावर तपशिलासाठी काही रेषा हाताने ओढाव्या लागतात. भिंतीचे माप बदलले की मूळ नकाशा बदलतो. परंतु या सुट्या रेषा बहुधा जागच्या जागीच राहतात. मोजमापाचा आकडा हाताने लिहिल्यास तोही बदलत नाही. अशा नकाशावरून दगड घडविला गेल्यास तो जागी बसत नाही व खर्च वाया जातो. म्हणून आकडे प्रतिकृतीतूनच घ्यावेत आणि प्रत्येक बदलानंतर सुट्या रेषा तपासाव्यात.

अनुमान व वास्तव

बिदर येथील महमूद गावानचा मदरसा १४७२ साली पूर्ण झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या स्फोटात त्याच्या पूर्वेकडील दर्शनी बाजूचा मोठा भाग व एक मनोरा नष्ट झाला. संगणकावर उरलेल्या मनोऱ्याचे प्रतिबिंब घेऊन दुसरा उभा करण्यास क्षणभर पुरे. पण एकसारख्या जाड रेषेत छापलेल्या नकाशावर अस्तित्वात असलेले व कल्पिलेले यांतील भेद उरत नाही. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले आहे. हाच नियम नकाशालाही लागू करणे इष्ट होय. मोजलेला भाग अखंड रेषेने, कल्पिलेला भाग तुटक रेषेने दाखवावा व तशी सूची नकाशाच्या कोपऱ्यात द्यावी.

सारांश, प्रतिकृती श्रम वाचविते. परंतु कोणती रेषा मोजलेली व कोणती मानलेली, याचा निर्णय आरेखकालाच करावा लागतो.