कंटेनरचा भाडेकरार

घरच्या नॅसवर, म्हणजे राउटरला जोडलेल्या आणि अहोरात्र चालू असणाऱ्या डिस्कच्या पेटीवर, जेडाउनलोडरसारखा डाउनलोड मॅनेजर कंटेनरमधून बसवायला फारसा वेळ लागत नाही. सिनॉलॉजी कंपनीच्या पेटीवर ‘कंटेनर मॅनेजर’ उघडायचा, इमेज, म्हणजे कार्यक्रमाचा तयार साचा, शोधून उतरवायची, ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जायचे. थोड्या वेळाने ब्राउझरमध्ये जेडाउनलोडरची खिडकी दिसू लागते. पहिल्यांदा तो स्वतःची अद्ययावत आवृत्ती उतरवून घेतो, तेवढा धीर धरावा लागतो. पण खिडकी दिसली म्हणजे बसवणे झाले, हे मला मान्य नाही. ‘नेक्स्ट’ दाबताना जे रकाने आपण न वाचता ओलांडतो, त्यांत सगळे आहे: कोणते फोल्डर द्यायचे, कोणाच्या नावाने, कोणत्या पोर्टवर, किती मेमरीपर्यंत. हा कार्यक्रम आणि आपली पेटी यांच्यातला भाडेकरार आहे, आणि तो घरमालकाने स्वतः लिहून काढला पाहिजे.

भाडेकरार हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. २०१३मध्ये डॉकर लोकांपुढे आले आणि कंटेनर हा शब्द घरोघरच्या हौशी मंडळींपर्यंत पोचला; पण त्याखालची यंत्रणा, नेमस्पेस आणि सीग्रुप, ही लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आधीपासून होती. नेमस्पेसमुळे आतल्या कार्यक्रमाला स्वतःपुरतेच जग दिसते, सीग्रुपमुळे त्याने किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरावा याला मर्यादा घालता येते. व्हर्च्युअल मशीन हा वेगळा बंगला, त्याची विहीरसुद्धा वेगळी. कंटेनर हे वाड्यातले दोन खणांचे बिऱ्हाड: दार वेगळे, चूल वेगळी, पण विहीर सगळ्यांची एकच, आणि ती विहीर म्हणजे कर्नेल. म्हणून दोन गिगाबाइट मेमरीच्या पेटीतही कंटेनर चालतो आणि व्हर्च्युअल मशीनला तिथे श्वास घेता येत नाही. ‘कंटेनरमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे विधान अर्धेच खरे ठरते, तेही याच कारणाने. शिवाय जे फोल्डर आपण हाताने आत जोडून देतो, त्याला कसलीच भिंत उरत नाही. सगळा व्हॉल्यूम जोडला तर आतला कार्यक्रम घरातले फोटोही पुसू शकतो; त्याला तो अधिकार आपणच दिलेला असतो.

आता फोल्डरांचे. इमेज न बदलणारी असते; तिच्यावर कंटेनरला लिहिण्यापुरता एक पातळ थर मिळतो आणि कंटेनर काढला की तो थरही जातो. जेडाउनलोडरच्या प्रचलित इमेजमध्ये दोन जागा बाहेरच्या फोल्डरांना जोडायच्या असतात: ‘कॉन्फिग’ आणि ‘आउटपुट’. पहिलीत सेटिंग आणि डाउनलोडची यादी राहते, दुसरीत उतरलेल्या फाइली. दुसरी जोडायची राहिली तरी काही बिघडल्यासारखे दिसत नाही. फाइली उतरतात, शंभर टक्के होतात, आणि डॉकरच्या आतल्याच जागेत साठत जातात. नॅसच्या फोल्डरांत त्या सापडत नाहीत आणि पुढच्या अपडेटला दिसेनाशा होऊ शकतात. चूक लगेच ओरडली असती तर बरे झाले असते.

ओरडणारी चूक वापरकर्त्याच्या क्रमांकाची. लिनक्स नाव पाहत नाही, क्रमांक पाहतो. या इमेजमध्ये कार्यक्रम मुळात १००० या क्रमांकाने चालतो, तर सिनॉलॉजीवर आपण तयार केलेल्या वापरकर्त्यांचे क्रमांक १०२६पासून सुरू होतात आणि ‘यूझर्स’ गटाचा क्रमांक १०० असतो. १००० क्रमांकाचा कोणीच माणूस त्या वाड्यात नसतो, म्हणून लिहिण्याची परवानगी नाकारली जाते. इथे हमखास सुचवले जाणारे दोन उपाय आहेत: क्रमांक शून्य टाकून रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवा, किंवा फोल्डर ७७७ करून सगळ्यांना मोकळे करा. दोन्हींनी अडथळा दूर होतो, म्हणूनच ते धोक्याचे. एका बिऱ्हाडाची किल्ली लागेना म्हणून वाड्याचे सगळे दरवाजे काढून ठेवण्यासारखे ते आहे. योग्य मार्ग थोडासाच लांब आहे: डाउनलोडसाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करायचा, त्याला दोनच फोल्डरांवर लिहिण्याचा हक्क द्यायचा, एसएसएचमधून ‘आयडी’ ही आज्ञा देऊन त्याचा क्रमांक पाहायचा आणि तो करारात लिहायचा.

यावर कोणी म्हणेल, नॅसबरोबर डाउनलोडची स्वतःची सोय येते, मग ही उठाठेव कशाला? साध्या दुव्यांसाठी आणि टॉरेंटसाठी ती सोय पुरेशी आहे, तिथे कंटेनरचा हट्ट धरू नये. पण जेडाउनलोडरला जावा लागते, आणि जावा थेट पेटीच्या मूळ प्रणालीत बसवणे म्हणजे एका पाहुण्यासाठी घराचा पाया उकरणे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बटणे दाबून होत असताना कंपोज फाइल, म्हणजे या सगळ्या निवडी मांडणारी मजकुराची फाइल, लिहायला लावणे म्हणजे घरगुती कामाला तज्ज्ञाचे काम करणे. मला हे पटत नाही, कारण ती फाइल जेमतेम पंधरा-वीस ओळींची असते. सिनॉलॉजीच्या डीएसएम या प्रणालीच्या ७.२ आवृत्तीपासून कंटेनर मॅनेजरमध्ये ‘प्रोजेक्ट’ म्हणून ती तशीच देता येते. बटणांनी केलेल्या निवडी सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहतात? लिहिलेला करार वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्या पेटीवर नेता येतो. वीज जाऊन आल्यावर कंटेनरने आपोआप उठावे, ही अटसुद्धा त्यात एका ओळीत बसते.

पोर्टबद्दल मात्र हयगय नको. या इमेजची खिडकी ५८०० पोर्टवर उघडते आणि आपण सांगितल्याशिवाय तिला पासवर्ड नसतो. घरच्या नेटवर्कवर कोण येणार, असे वाटते. पण प्रवासात असताना फोनवरून यादी पाहावी म्हणून राउटरमध्ये तेच पोर्ट बाहेर उघडले जाते, आणि मग ते घरचे राहत नाही. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या, क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. तिथे दोष पेटीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये होता, कंटेनरमध्ये नव्हता. पण चोर आत आला तो उघड्या दारातूनच. बाहेरून पाहायचेच असेल तर व्हीपीएन वापरावे, किंवा मायजेडाउनलोडर ही जेडाउनलोडरचीच सेवा, कारण तीत आतला कार्यक्रम स्वतः बाहेर जोडणी करतो आणि राउटरमध्ये भोक पाडावे लागत नाही.

मराठी वाचकासाठी करारात आणखी एक कलम लागते. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन मोठ्या संख्येने आहेत आणि अशी पुस्तके घरी जपून ठेवणे हा या सगळ्या खटाटोपाचा मला सर्वांत सार्थ वाटणारा उपयोग आहे. पण फाइलचे नाव २५५ बाइटांत बसावे लागते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ या एका अक्षराला १८ बाइट लागतात. सिनॉलॉजीचे शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट केलेले असेल तर मर्यादा १४३वर येते, म्हणजे देवनागरीची सत्तेचाळीस चिन्हे. पुस्तकाचे नाव, लेखक, आवृत्ती आणि वर्ष एवढे लिहिले की ती संपतात आणि फाइल लिहिताना चूक येते. म्हणून डाउनलोडचे फोल्डर एन्क्रिप्ट न केलेले ठेवावे, किंवा जेडाउनलोडरच्या पॅकेजायझर या नियमांच्या सोयीत नावे लहान करण्याचा नियम घालावा.

करार बरोबर लिहिला आहे का, हे तपासायची एक पद्धत आहे. एखादे मोठे डाउनलोड अर्ध्यावर असताना ते थांबवावे, कंटेनर मुद्दाम काढून टाकावा, फोल्डरांना हात न लावता त्याच कंपोज फाइलवरून तो पुन्हा उभा करावा आणि खिडकी उघडून पाहावे. यादी जशीच्या तशी असेल, डाउनलोड अर्ध्यावरून पुढे सरकू लागेल आणि उतरलेली फाइल नॅसवर त्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने दिसेल, तर जेडाउनलोडर बसला.