मालिशच्या पैशाचा पुरेपूर मोबदला

कापडाच्या दुकानात गादीवर मांडी घालून दिवसभर बसणारा व्यापारी आणि पाठीवर गठ्ठे वाहणारा हमाल, कंबर दोघांचीही सारखीच दुखते. फरक इतकाच की व्यापाऱ्याला पैसे मोजून मालिश करवून घेणे परवडते. मात्र पैसे मोजूनही आमच्या बाजारातील बरेच बंधू अर्धाच मोबदला घेऊन घरी येतात, असे आमचे निरीक्षण आहे.

कारण साधे आहे. जो गृहस्थ खरेदीच्या वेळी मीटरमागे एक रुपया सोडत नाही, तो मालिशवाल्यापुढे मुकाट्याने पालथा पडतो. गिऱ्हाइकाने येऊन नुसते "काहीतरी दाखवा" म्हटले, तर आम्ही वीस तागे उलगडतो आणि त्याच्या पसंतीचे त्यात असेलच असे नाही. त्याने "पांढरे पॉपलीन, पाच मीटर" म्हटले की काम दोन मिनिटांचे. मालिशवालाही कारागीरच आहे. त्याला मागणी कळली पाहिजे.

म्हणून आडवे होण्यापूर्वी बोला. दुखते कुठे, किती दिवसांपासून, बसल्यावर की उठताना, हे सांगा. सर्वांगाला हात फिरवायचा म्हटले तर तासाभरात पाठीच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटे येतात. कंबर आणि खांदे हेच दुखणे असेल, तर "डोके आणि हात राहू द्या, पाठीला अर्धा तास द्या" असे सांगण्यात संकोच कसला? दाबाचेही तसेच. जितके दुखेल तितका गुण, ही समजूत चुकीची आहे. दाबताना श्वास रोखला जात असेल, तर स्नायू सैल होण्याऐवजी आणखी आवळतात. "हलका हात लावा" म्हणण्याने कोणाचाही अपमान होत नाही.

भरल्या पोटी जाऊ नये. बिर्याणीनंतर पालथे पडणे म्हणजे पैसे देऊन त्रास विकत घेणे. जाण्यापूर्वी गरम पाण्याने अंघोळ केली तर अंग आधीच सैल होते. ही युक्ती नवी नाही. 1759 साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी 1810 मध्ये लंडनला हिंदुस्थानी खानावळ काढली. 1812 मध्ये दिवाळे निघाले. मग त्यांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर हमाम थाटला. तेथे गिऱ्हाइकाला आधी वनस्पतींची वाफ देत. ते कापडी तंबूत बसलेले असे, आणि मालिश करणारा तंबूच्या बाह्यांतून आत हात घालून अंग दाबी. अदबही राखली जाई आणि अंगही शेकले जाई. बादशहा चौथा जॉर्ज त्यांचा गिऱ्हाईक झाला. इंग्रजीतला 'शॅम्पू' हा शब्द आपल्या चंपीवरूनच तिकडे गेला. बुडालेल्या व्यापाऱ्याने पुन्हा कसे उभे राहावे, याचा हा नमुना आम्हाला फार आवडतो.

आता जोखमीची बाब. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मणक्याचे ऑपरेशन झाले असेल, तर ते आधीच सांगितले पाहिजे. अंगात ताप असेल त्या दिवशी मालिश नकोच. एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, तर तिला तेलाचा हात अजिबात लावू देऊ नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. कंबरेची कळ पायात उतरत असेल, पाऊल बधिर पडत असेल, तर मालिशवाला नव्हे, डॉक्टर गाठा. आणि कटिंगनंतर हौसेने मान कटकन मोडून घेणाऱ्यांनी ती हौस आजच बंद करावी. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्याने फाटू शकते, आणि लकवा मारू शकतो.

पैशाचा हिशेबही चोख ठेवावा. साठ मिनिटे म्हणजे हात लागल्यापासून, की कपडे बदलण्यासकट, हे आधीच विचारावे. मोठ्या पार्लरमध्ये दहा वेळांचे पैसे आगाऊ मागतात. एक-दोनदा हात पाहिल्याशिवाय ते भरू नयेत, नमुना न पाहता आपण माल उचलतो काय? 22 सप्टेंबर 2025 पासून या सेवेवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल नीट वाचावे. ज्याचा हात मानवला त्याच कारागिराकडे पुन्हा जावे, मागच्या वेळी कशाने बरे वाटले ते त्याला सांगावे आणि त्याच्या हाती खुशीने काही ठेवावे.

झाल्यावर ताडकन उठू नये. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येते. मालिशचा आराम काही दिवसांचाच असतो, हेही ध्यानात ठेवावे. दुकानात अर्ध्या-पाऊण तासाने गादीवरून उठून चार पावले टाकली तर तो जास्त टिकतो. एवढे काम नोकरावर सोपवू नये.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या घरांत बाळंतिणीला चाळीस दिवस मालिश मिळते, आणि एकेचाळिसाव्या दिवशी त्या मालिशवाल्या बाईला निरोप दिला जातो. दिवसभर ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायकांची कंबर पुढची वीस वर्षे दुखतच असते. त्या बाईला महिन्यातून दोनदा बोलावले, तर तो खर्च दुकानाच्या चहापाण्याहून जास्त होणार नाही.