जुन्या शेगडीची निळी ज्योत

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतात, त्या नाशिकमधल्या द्वारका परिसरातल्या जुन्या घरांत वीस-वीस वर्षं चाललेल्या गॅसच्या शेगड्या आजही दिसतात. ज्योत पिवळी झाली, पातेल्यांची बुडं काळी पडू लागली, की ती शेगडी भंगारात जाते. तेवढी घाई करू नये.

स्वयंपाकाच्या गॅसमधला एक लिटर ब्यूटेन वायू पूर्ण जळायला सुमारे ३१ लिटर हवा लागते. जेटच्या बारीक भोकातून वेगाने सुटणारा गॅस यातली काही हवा बर्नरच्या नळीत स्वतःच ओढून घेतो. नळीत जाळं, झुरळाची घाण किंवा उतू गेलेलं दूध साचलं की हवा कमी पडते. मग न जळलेले कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात आणि काजळी होऊन भांड्याला चिकटतात.

थंड झालेला पितळी बर्नर चिंचेच्या कोमट पाण्यात भिजवा. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांनाही हाच उपाय. भोकं टाचणीने मोकळी करा, नळी ब्रशने घासा, बर्नर पूर्ण वाळवूनच बसवा. जेटमध्ये मात्र सुई घालू नका. भोक जरा जरी रुंदावलं तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत पुन्हा पिवळी होते.

रबरी नळी तडकली असेल तर लगेच बदला. गळती साबणाच्या फेसानेच तपासा, काडी ओढून कधीही नाही. गॅसचा वास आलाच, तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन १९०६ क्रमांकावर फोन करा.