पायाखालच्या रेघा

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपण बहुतेक सगळे गेलो आहोत. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. त्या अरुंद पायऱ्या माणूस कसा उतरतो ते आठवा. काळ्या दगडाला काळाच दगड लागलेला. पायरी कुठे संपते ते नजरेला उमगत नाही, म्हणून भले भले धीट गृहस्थ पाय चाचपत खाली सोडतात. चालणे हे पायांचे काम, असे आपण धरून चालतो. पण डोळा दोनेक पावले पुढे राहून जागा हेरतो आणि पाय त्याच्या भरवशावर पडतो. डोळा फसला की पाय फसला.

विलायतेत याचे प्रयोग झाले आहेत. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी जमिनीवर पट्ट्यांची चित्रे पाडून लोकांना सरळ चालायला सांगितले. पट्टे तिरपे असले की लोक सरळ वाट सोडून बाजूला सरकत. हे २०१५ साली छापून आले. त्याआधी २००९ साली ब्रॅडफर्डच्या मंडळींनी पायरीच्या उभ्या बाजूवर उभ्या रेघा काढल्या. पायरी होती तेवढीच, पण ती उंच भासली आणि लोकांनी पाऊल काही मिलिमीटर जास्त उचलले. काही मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. ठेच लागते ती तेवढ्यानेच!

आता हिंगोली-वसमतच्या बाजारातला हमाल डोळ्यांपुढे आणा. पाठीवर हळदीचे पोते, मान वाकलेली. त्याला दिसते ती पुढची दोन हात जमीन, एवढेच त्याचे जग. एका गोदामाच्या मालकाने हौसेने नवी चौकडीची फरशी घातली. तीच चौकडी जमिनीवर, तीच पायऱ्यांवर. काठ कुठे दिसेना. आमचा एक गडी पोत्यासकट कोसळला, गुडघा गेला. मालक म्हणाले, “त्याचे लक्ष नव्हते.” गडी म्हणाला, “पायरी दिसलीच नाही.”

मला गड्याचे पटले. पण ते सिद्ध कसे करावे, हे त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. १९६९चा माथाडी कायदा मला तोंडपाठ आहे. पायरीचा काठ रंगवून मागावा, हे मात्र वीस वर्षांत एकदाही सुचले नव्हते. आम्ही भरपाईच्या अर्जाखाली एक ओळ वाढवली : पिवळ्या रंगाचा एक डबा. मालक हसले, पण डबा दिला.

भरपाईचा कागद पुढे वर्षभर फिरत राहिला. रंग त्याच दुपारी लागला, आणि तो हमालांनीच लावला.